शंभर रुपयांचा आनंद

महाराष्ट्रात आनंदाचा भाव शंभर रुपये होता. ४ ऑक्टोबर २०२२ ला मंत्रिमंडळाच्या बैठकीत तो ठरला. एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो चणाडाळ आणि एक लिटर पामतेल, मिळून रुपये शंभर, रेशनच्या दुकानात. नाव ‘आनंदाचा शिधा’. शिधा हा शब्द आपल्याकडे आजवर गुरुजींसाठी राखीव होता. पूजा आटोपली की ताटात तांदूळ, डाळ, गुळाचा खडा, वर विड्याचं पान आणि दक्षिणा. गुरुजी शिधा पिशवीत ओततात, आशीर्वाद देतात आणि पुढच्या घरी जातात. सरकारी शिध्यातही आशीर्वादाची सोय होती. फक्त तो घेणाऱ्याने द्यायचा होता, पाच वर्षांनी, बोटाला शाई लावून.

त्या पहिल्या दिवाळीला आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी रेशन दुकानाच्या सहा खेपा घातल्या. पहिल्या खेपेला रवा आला होता, तेल नव्हतं. दुसऱ्या खेपेला तेल आलं होतं, डाळ वाटेत होती. (डाळ बहुधा पायी निघाली असावी.) तिसऱ्या खेपेला चारी वस्तू हजर, पण पिशव्या आल्या नव्हत्या. मावशींनी काखेतली आपली नायलॉनची पिशवी पुढे केली.

“ही घ्या, हिच्यात घाला.”

“तसं नाही चालत मावशी. त्या छापील पिशवीतूनच द्यायचंय. वरून सांगितलंय.”

चौथ्या खेपेला छापील पिशव्या आल्या. त्यांच्यावर नेत्यांचे हसरे चेहरे होते. शंभर रुपयांत चार वस्तू आणि वर चेहरे, म्हणजे स्वस्तच म्हणायचं. पण त्या दिवशी सर्व्हर गेला होता. पाचव्या खेपेला सर्व्हर आला आणि मावशींचा अंगठा गेला. म्हणजे अंगठा जागेवरच होता, पण तीस वर्षं भांडी घासून आणि पोळ्या लाटून त्याच्यावरच्या रेषा पुसट झाल्या आहेत. ई-पॉस मशीन म्हणालं, ही बाई ती नव्हे. मावशींनी अंगठा पदराला पुसला, केसांवरून फिरवला, पुन्हा टेकवला. मशीन आपल्या मतावर ठाम. “दुसऱ्या हाताचा देऊन बघा,” दुकानदार म्हणाला. दुसरा हातही त्याच भांड्यांना लागलेला.

सहाव्या खेपेला, भाऊबीज उलटून गेल्यावर, शिधा मिळाला. रव्याचे लाडू तुळशीच्या लग्नाला झाले. मावशी एकट्या नव्हत्या. राज्यात सुमारे १ कोटी ६२ लाख कार्डधारकांना ही पिशवी द्यायची होती. कित्येक ठिकाणी ती उशिरा पोचली, कुठे चारातली एखादी वस्तूच नव्हती, आणि अखेर मशीन बाजूला ठेवून ऑफलाइन वाटप करायची पाळी आली.

मला त्या अंगठ्याचं राहून राहून नवल वाटतं. महागाई मावशींच्या घरी दर महिन्याला नेमाने येते. ती कधी अंगठा मागत नाही. तिचा सर्व्हर डाऊन झाल्याचं मी ऐकलेलं नाही. ती पिवळं कार्ड, केशरी कार्ड असा भेद करत नाही. आणि मुख्य म्हणजे ती येते तेव्हा तिच्या पिशवीवर कुणाचाही फोटो नसतो.

आता हिशेब. आमच्या घरातलं अर्थखातं आमच्या सौभाग्यवतींकडे आहे आणि त्यांचा अर्थसंकल्प दोनशे पानी वहीत मांडलेला असतो. त्यांनी मावशींना समोर बसवून आकडे लिहिले. तेच चार जिन्नस आमच्या वाण्याकडे त्या दिवाळीत अडीचशेच्या घरात पडत होते. म्हणजे वाचले दीडशे रुपये. सहा खेपांपैकी तीनदा मावशींना दुसऱ्या घरचं काम बुडवावं लागलं, त्याचे पैसे कापले गेले. ते वहीत लिहायला मावशींनीच मनाई केली. “सणासुदीला कशाला, ताई?” मग दीडशेला तीनशे पासष्टाने भागलं. दिवसाला एक्केचाळीस पैसे. पुढच्या वर्षी गुढीपाडव्याला, गौरी-गणपतीला आणि दिवाळीला असा तीनदा शिधा आला. तो सगळा धरला तरी दिवसाला सव्वा रुपया. सव्वा हा आकडा आपल्याकडे शुभ मानतात, तेवढीच जमेची बाजू.

हे मी फोनवर भाच्याला सांगितलं. भाचा सिंगापूरला असतो. निळा पासपोर्ट देऊन त्याने तांबडा घेतला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तो हसला. “मामा, वस्तू कसल्या वाटता? कूपन द्यावं. आमच्याकडे बघा.”

त्यांच्याकडे सीडीसी व्हाउचर नावाचा प्रकार आहे. घरात एक जरी सिंगापूरचा नागरिक असला तरी त्या घराला मिळतो, गरीब-श्रीमंत न बघता. रांग नाही, पिशवी नाही. घरातल्या एकाने फोनवरून नोंद करायची, लिंक येते, ती बायकोला व्हॉट्सॲपवर पाठवायची. अर्धी रक्कम सुपरमार्केटात चालते, अर्धी हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवर आणि वस्तीतल्या छोट्या दुकानांत. म्हणजे सगळं मोठ्या दुकानाच्या गल्ल्यात जाऊ नये, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या चहावाल्यालाही चार पैसे सुटावेत, हा विचार त्यात आहे. तो मला खरोखर आवडला. उपहासाच्या सदरात कौतुक करू नये असा संकेत आहे, पण एवढं एक वाक्य संपादकांनी चालवून घ्यावं. आमच्या शिध्यात वाण्याचा वाटा शून्य. कंत्राटदाराचा किती, ते कंत्राटदार जाणे.

“आणि रक्कम?” मी विचारलं.

२०२५ मध्ये घरटी जानेवारीत ३०० डॉलर आणि मे महिन्यात ५००. शिवाय देशाची साठी झाली म्हणून सज्ञान नागरिकांना माणशी ६०० वेगळे, आणि ज्यांची स्वतःचीच साठी उलटली त्यांना ८००. मी थक्क झालो. सौभाग्यवती मात्र थक्क होत नाहीत, त्या भागाकार करतात. वरचे एकदाचे बाजूला ठेवून घरटी ८०० डॉलर, भागिले तीनशे पासष्ट, दिवसाला सव्वादोन डॉलरपेक्षा किंचित कमी. “त्यात काय येतं रे तिकडे?”

“एक कॉफी येते, मामी.”

“घरात माणसं किती?”

“चार.”

वही मिटली नाही. सौभाग्यवतींनी विचारलं, आधी हे द्यायची वेळ का आली? तेव्हा भाच्याने जरा आवंढा गिळला. सिंगापुरात जीएसटी १९९४ मध्ये आला तो ३ टक्क्यांनी. २००७ पासून ७ टक्के होता. १ जानेवारी २०२३ ला ८ झाला, १ जानेवारी २०२४ ला ९. आणि दोन्ही वर्षी व्हाउचर सुरू झाली ३ जानेवारीला. पहिल्या तारखेला कर, तिसऱ्या तारखेला कूपन. मधला एक दिवस नागरिकांना ठेच नेमकी कुठल्या बोटाला लागली ते चाचपायला.

तरी तिथला हिशेब अगदीच वाईट नाही, हेही वहीतच निघालं. वाढलेल्या २ टक्क्यांपोटी ८०० डॉलर जायला वर्षाला ४० हजारांचा खर्च लागतो. ज्या घराचा खर्च त्याहून कमी, त्याच्या हातात करवाढ भरूनही काहीतरी उरतं. ज्याचा जास्त, त्याला कूपन म्हणजे त्याच्याच खिशातली नोट, घडी घालून परत दिलेली. भाच्याच्या घरी मे महिन्यात हापूसची पेटी विमानाने येते. त्याने विषय बदलला.

विषय बदलून तो निवडणुकीवर आला, आणि तिथे मात्र मला सिंगापूरची काळजी वाटली. तिथे मतदान झालं ३ मे २०२५ ला. मेची ५०० डॉलरची व्हाउचर फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली, आणि दिली कधी? १३ मेला. मतदानानंतर दहा दिवसांनी! अरे, हे सरकार चालवतंय कोण? आपल्याकडे २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं, तर ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बहिणींना नोव्हेंबरचा हप्ता ऑक्टोबरमध्येच पोचता झाला होता. याला म्हणतात प्रशासन. मी भाच्याला तसं स्पष्ट सांगितलं. “पण मामा, आमच्या सत्ताधाऱ्यांना ९७ पैकी ८७ जागा मिळाल्या,” तो म्हणाला. नवशिक्यांना कधीकधी नशीब साथ देतं.

पण परदेशाला हसण्यात अर्थ नाही. एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने देण्यात आपणही मागे नाही, आपले हात फक्त वेगवेगळ्या गावी असतात. २०२४ च्या गौरी-गणपतीला मुंबईने शिध्यात लिटरभर तेल दिलं. गणपती अजून मखरात होते, तोच १४ सप्टेंबरला दिल्लीने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क उपकरांसह साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, असं कारण होतं, आणि कारण खोटं नव्हतं. मराठवाड्या-विदर्भातल्या शेतकऱ्याची तेव्हा खरीच कोंडी झाली होती. मात्र सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये आणि बाजार त्याच्या खालीच राहिला. तेल तेवढं चढलं. शेतकऱ्याच्या घरीही फोडणी तेलाचीच देतात, हे बहुधा फाइलवर आलं नसावं.

आणि मग शिधा आटला. २०२५ चे गणपती आले आणि गेले, दिवाळी आली आणि गेली, पिशवी आली नाही. तिजोरीवर लाडक्या बहिणीचा ताण आहे, हे खुद्द पुरवठा खात्याच्या मंत्र्यांनीच सांगून टाकलं. बहिणीला महिन्याला १५०० रुपये, प्रचारात शब्द २१०० चा. मावशी लाडकी बहीणही आहेत आणि शिध्याच्या धनीणही. म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला मिळतंय म्हणून उजव्या हाताचं थांबवलं. पंधराशे रुपये त्यांना लागतात, नाही कसं म्हणू? त्यातून नातवाच्या शिकवणीची फी जाते. पण डाळीची बरणी दर महिन्याच्या वीस तारखेला पूर्वीसारखीच खडखडते.

गरिबाला फुकटची सवय लागते, असं आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर दर संध्याकाळी ठरतं. ठरवणाऱ्यांत दोन निवृत्तिवेतनधारक आणि एक माजी अधिकारी असतात. त्यांच्यासाठी एक बातमी सांगून ठेवतो. सणानिमित्त सरकार अंत्योदय कार्डावर साडी देतं. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या बाजूच्या आदिवासी बायकांनी त्या साड्या, फोटोच्या पिशव्यांसह, परत नेऊन दिल्या. आम्हाला काम द्या, मुलांना शिक्षण द्या, म्हणाल्या. सवय लागली ती वाटणाऱ्यांना.

त्या पहिल्या दिवाळीची पिशवी मावशींकडे अजून आहे. खिळ्याला टांगलेली असते, तीत कांदे असतात. छपाई चांगली होती म्हणायची, कापडाचे बंद तुटले पण चेहरे अजून हसताहेत.

तर सरकारला एक विनंती. गहू-तांदूळ तुम्ही रेशनवर माणशी पाच किलो फुकट देता, ते नीट पोचतं तिथे लोक दुवा देतात. पण नुसता भात कुणाच्या घशाखाली उतरतो? तमिळनाडूत रेशनच्या दुकानात दर महिन्याला तूरडाळ ३० रुपये किलोने आणि पामतेल २५ रुपये लिटरने कार्डावर मिळतं. तिथेही पोंगलला वेगळं गाठोडं वाटतात आणि त्यावरून भांडतात, तो भाग निराळा. पण डाळ बारा महिने मिळते. तुमचा सण, तुमचा मुहूर्त, तुमचं नाव, सगळं राहू द्या. कार्डामागे महिन्याला किलोभर डाळ आणि लिटरभर तेल तेवढं द्या.

पिशवी आम्ही घरची आणू.