सुटे भाग

कन्या आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि एका रात्री आमटीभात कालवता कालवता तिने जाहीर केलं, की लॅपटॉप आता पुरत नाही. इमारतीचं एक चित्र रेंडर व्हायला चार तास लागतात, आणि तेवढा वेळ त्याचा पंखा कॅन्टीनच्या मिक्सरसारखा ओरडतो. मोठा कॉम्प्युटर हवा.

मी म्हणालो, "जोडून घेऊ."

बायकोचा डाव आमटीतच थांबला. "जोडून म्हणजे? तुम्ही?"

"त्यात काय? २००० साली नव्हता का जोडला?"

जोडला होता, हे खरं. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात, दुसऱ्या मजल्यावर. जोडत होता दुकानातला विशीतला मुलगा, आणि मी टॉर्च धरून उभा होतो. पण त्यानंतरच्या बावीस वर्षांत ही हकीकत सांगता सांगता तो मुलगा तिच्यातून हळूहळू गळत गेला आणि २०१०च्या सुमारास मी एकटाच उरलो.

रविवारी मेव्हणा आला. तो ब्रँडेडवाला. चहाही तो पाकिटातलाच पितो. "भाऊजी, आयता घ्या. एक बिल, एक फोन नंबर, एक वॉरंटी. बिघडला तर माणूस घरी येतो." हे बोलणाऱ्याने स्वतःच्या आयत्या डब्यात रॅम वाढवायला म्हणून झाकण उघडलं, तेव्हा आत रॅमची जागा एकच निघाली होती. आणि एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डबीचा, प्लग असा, की त्याच्या कंपनीखेरीज जगात कोणाचाच त्यात बसत नाही. पण पाहुण्याला हे चहा संपण्याआधी ऐकवणं बरं नव्हे. म्हणून मी इतिहासात शिरलो.

म्हटलं, "अरे, आयबीएमने १९८१ साली आपला पहिला पीसी काढला, तो तरी काय होता? प्रोसेसर इंटेलचा, सिस्टीम मायक्रोसॉफ्टची आणि फ्लॉपी ड्राइव्ह भारतातून तिकडे गेलेल्या सिरजंगलाल टंडन यांच्या कंपनीचे. पुढे मायकेल डेलने १९८४मध्ये कॉलेजच्या हॉस्टेलच्या खोलीत कॉम्प्युटर जोडून विकायला सुरुवात केली. म्हणजे तुझा ब्रँडेडही असेंबल्डच."

"हो," मेव्हणा म्हणाला, "पण तो त्यांनी जोडला. तुम्ही नाही."

यावर बायको हसली. माहेरचं माणूस बोललं की तिला विनोद लवकर कळतात.

तरी काळ माझ्या बाजूने होता. त्याआधीची दोन वर्षं ग्राफिक्स कार्डाकडे मध्यमवर्गीयाने नुसतं बघायचं, अशी स्थिती होती. चिपांचा तुटवडा होताच, वर इथेरियम नावाचं आभासी चलन खणायला लोक ती कार्डं पोत्याने उचलत होते. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने खणायची पद्धतच बंद केली. आभासी का होईना, पण एका खजिन्याची खाण बंद पडल्याचा मला मनापासून आनंद झाला. दिवाळीच्या आधी कोटेशन आलं : सुटे भाग ८७ हजार, तसाच आयता एक लाख पाच. मी तो कागद फ्रिजवर लावला. अठरा हजारांचा फरक दिवसातून दहादा सगळ्यांना दिसावा, हा हेतू.

लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. भडकमकर मार्ग. पण त्या नावाने विचारलं तर माणसं दवाखान्याचा पत्ता सांगू लागतील. डोंबिवलीहून दादर, दादरला उतरून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. दुकानदाराने पहिला प्रश्न टाकला, "बिलाने की बिनबिलाने?" मी ताठ मानेने "बिलाने" म्हटलं. १८ टक्के जीएसटी मानेला पेलवत नाही, हे घरी आल्यावर कळलं. शिवाय कन्येला काचेचं कॅबिनेट हवं होतं, त्यात सात रंगांचे पंखे. त्यांचे वेगळे. फ्रिजवरच्या अठरा हजारांतलं त्या काउंटरवरच फारसं काही उरलं नाही.

परतताना कॅबिनेटचं खोकं घेऊन सरळ मालडब्यात शिरलो. शेजारी एक कोळीण रिकाम्या पाट्या घेऊन बसली होती. माझ्या खोक्याकडे बघून म्हणाली, "टीवी हाय?"

"नाही, कॉम्प्युटर."

"चालू हाय ना?"

"अजून जोडायचाय."

"म्हंजे मोडकाच घेतलास? आन् वर काचंचा?"

दोन्ही बाजूंचा एवढा नेमका विचार मला पुढे कुठेच ऐकायला मिळाला नाही.

जोडणी शनिवारी, जेवणाच्या टेबलावर, कांदेपोहे झाल्यावर. नव्या मदरबोर्डावर प्रोसेसर बसवायच्या जागी १७०० पिना होत्या, प्रत्येक केसाएवढी. एक वाकली की बोर्ड गेला आणि त्याची वॉरंटीही गेली. प्रोसेसर वर अलगद ठेवायचा आणि लोखंडी दांडी दाबून खाली न्यायची. ती दाबताना कुरकुर आवाज येतो. तो यायचाच असतो. हे यूट्यूबवरच्या मुलाने मागाहून सांगितलं, तोवर माझा रक्तदाब २००० सालात जाऊन आला होता.

मग प्रोसेसरवर थर्मल पेस्ट लावायची. किती? तर मटारच्या दाण्याएवढी.

"ओला मटार की वाळलेला?" बायकोने विचारलं. यूट्यूबवरच्या मुलाला हे सुचलं नव्हतं. स्वयंपाकघरात न गेलेल्या माणसाने प्रमाणं सांगितली की असं होतं.

बोर्ड नऊ स्क्रूंनी कॅबिनेटमध्ये घट्ट बसवला, घाम पुसला, आणि टेबलावर एक पत्र्याची चौकट दिसली. यूएसबी वगैरेंची भोकं असलेली मागची पत्री. ती बोर्डाच्या आधी लावायची असते. नऊ स्क्रू बाहेर, पत्री आत, नऊ स्क्रू पुन्हा आत. बायको काही बोलली नाही. तिने फक्त पोह्यांची बशी माझ्या पुढून उचलली.

पण खरी कसोटी पुढच्या बटणाच्या तारांची. पॉवर, रीसेट, दिवा, सगळ्यांची टोकं मुंगीएवढी आणि त्यांवरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. माझे दोन्ही चष्मे हरले. शेवटी बायकोने भुवयांचा चिमटा आणला आणि सुईत दोरा ओवावा तशा त्या तारा पाच मिनिटांत बसवल्या. ही हकीकत मी पुढची वीस वर्षं सांगेन तेव्हा हा चिमटा किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

बटण दाबलं. पंखे फिरले, सात रंगांचे दिवे लागले, टेबलावर गणपतीचा मांडव उभा राहिला. आणि मॉनिटरवर दोन शब्द : नो सिग्नल.

पुढचे दोन तास मी रॅम काढली, घातली, ही दुसऱ्या जागी, ती चौथ्या जागी. दुकानात फोन केला. "साहेब, घेऊन या, बघू." काचेचा डबा घेऊन पुन्हा मालडब्यात त्या बाईसमोर उभं राहायची माझी छाती नव्हती. तेवढ्यात कन्या क्लासहून आली, वाकून मागे बघितलं, मॉनिटरची वायर बोर्डातून काढून ग्राफिक्स कार्डात खोचली. चित्र आलं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असलं, तर त्याला स्वतःचं ग्राफिक्स नसतं. बोर्डावरचं भोक मग नुसतं शोभेचं. त्या एफपायी मीच चौदाशे रुपये वाचवले होते.

आता वॉरंटी. प्रोसेसरला तीन वर्षं, बोर्डाला तीन, एसएमपीएसला पाच, रॅमला आजन्म, कॅबिनेटला एक. सबंध कॉम्प्युटरला मात्र काहीच नाही, कारण सबंध कॉम्प्युटर कोणी विकलाच नव्हता. हे मला आठ महिन्यांनी समजलं, तो डबा मधेच बंद पडायला लागला तेव्हा. रॅमवाले म्हणाले, रॅम उत्तम आहे, बोर्ड दाखवा. बोर्डवाले म्हणाले, एसएमपीएस बघा. एसएमपीएसवाल्यांनी घरातलं वायरिंग तपासायला सांगितलं. वायरिंग बिल्डरने केलेलं, आणि बिल्डर २००४पासून फोन उचलत नाही.

त्या आठवड्यात मेव्हण्याचाही कॉम्प्युटर बिघडला. त्याने एक नंबर लावला, कोणावर तरी वीस मिनिटं मनसोक्त ओरडला, माणूस घरी आला, दुरुस्त करून गेला. मला ओरडायचं होतं, पण ओरडावं असा माणूस आरशातच उभा होता. अठरा हजार म्हणून मी ज्याला बचत समजत होतो, ते या एका माणसाचे पैसे असतात. मेव्हणा देतो. मी दिले नाहीत.

शेवटी मी रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात कन्येच्या कंपासमधल्या खोडरबराने घासले आणि परत बसवल्या. तेव्हापासून तो एकदाही बंद पडलेला नाही. कोणाच्याही सर्व्हिस सेंटरला हे सुचलं नव्हतं, आणि मेव्हण्याला तर झाकण उघडूनही काही करता आलं नव्हतं. ही गोष्ट मी त्याला आतापर्यंत चार वेळा सांगितली आहे. चौथ्या वेळी त्याने विचारलं, "भाऊजी, खोडरबर तुम्ही घासलं की टॉर्च धरला होता?" बायकोने त्याला काय काय सांगितलंय, देव जाणे.

कन्येचं शिक्षण झालं, ती नोकरीला लागली आणि ऑफिसने तिला लॅपटॉप दिला. आयता. ३२ जीबी रॅम, काचेचं कॅबिनेट आणि सात रंगांचे पंखे आता माझ्या टेबलावर आहेत. महिन्यातून एकदा मी त्यावर महावितरणचं बिल भरतो.