पटावरचे आणि हजर

कायम नापास होणारी चाचणी परवडली. माणूस निमूट बग शोधायला बसतो. मधूनच पास होणारी मात्र 'परत एकदा चालवून बघू' म्हणायला लावते. असे मी दोन दिवस घालवले.

स्क्रिप्ट साधी होती. सीपीयू किती आहेत ते 'एनप्रॉक'ला विचारायचं, शून्यापासून मोजून त्यातला कुठलाही एक निवडायचा आणि 'टास्कसेट'ने काम त्याच्या गळ्यात मारायचं. लॅपटॉपवर कधी तक्रार नव्हती. मग ऑफिसात पॉवर8 चं मशिन आलं आणि 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' सुरू झालं.

रात्री जेवताना बाबांपुढे रडगाणं गायले. बाबा जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेले.

"लिनक्सकडे सीपीयूंच्या तीन याद्या असतात. पॉसिबल, प्रेझेंट, ऑनलाइन."

"मंजूर पदं, भरलेली पदं आणि हजर," बाबा आमटी ओरपत म्हणाले. "मग तू काय केलंस? हजर चार, म्हणून पहिल्या चार टेबलांवर फायली ठेवल्यास?"

तंतोतंत तेच केलं होतं. त्या मशिनला चार कोअर, प्रत्येकात आठ थ्रेड, म्हणजे लिनक्सच्या लेखी 32 सीपीयू. प्रत्येक कोअरचा एकेकच थ्रेड चालू ठेवलेला. हजर चारच, पण त्यांचे क्रमांक 0, 8, 16 आणि 24. माझी स्क्रिप्ट 0, 1, 2, 3 मधून चिठ्ठी काढत होती. शून्य निघाला तर पास, नाहीतर फाईल रिकाम्या खुर्चीवर.

"बेरीज कसली बघतेस, हजेरीपत्रक बघ. आणि हजर असला तरी तुझी फाईल घ्यायचा अधिकार त्याला हवा ना?"

हेही खरंच. कंटेनरला ठरावीकच सीपीयू नेमून दिलेले असतील, तर बाकीचे चालू असूनही आपल्या उपयोगाचे नसतात. शेवटी टास्कसेटलाच विचारलं, बाबा रे, माझ्या प्रोसेसला कोणकोण चालेल? हजेरी आणि अधिकार दोन्ही बघून तो यादी देतो. फक्त '0-3,8' असं लिहून देतो आणि ती मधली आडवी रेघ आपण उलगडायची. दुरुस्तीतला निम्मा वेळ त्या रेघेने खाल्ला.

"आणि उरलेले अठ्ठावीस?" बाबांनी ताक ओतताना विचारलं.

"बंद. त्यांच्या वाटची कोअरची सगळी ताकद त्या एकेका हजर थ्रेडला मिळते."

"ताकद मिळते? आमच्याकडे नुसतं काम मिळायचं."

तुमच्याही स्क्रिप्टमध्ये शून्यापासून मोजत जाणारा लूप असेल, तर आजच उघडून बघा.