सव्वाशे टक्क्यांची शस्त्रक्रिया

अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने वृद्धांसाठी स्थापिलेल्या मेडिकेअर या सरकारी विमायोजनेच्या दफ्तरदारांनी अंकगणितास जे औदार्य शिकविले, त्याचे कौतुक करावे तितके थोडेच. कारण भिन्न शाखांच्या दोन शल्यविशारदांनी एकाच देहावर मिळून एकच शस्त्रक्रिया केली, तर ठरीव मेहनतान्याचे ६२.५ टक्के प्रत्येकाच्या पदरी पडून एका कामाचे यथाशास्त्र १२५ टक्के होतात. (हाताखाली उभ्या राहणाऱ्या सर्जनास १६ टक्केच; पण चिमटे धरण्याचे मोल याहून अधिक असावे तरी किती?) याच न्यायाने आठ विशारद जमविल्यास एका अपेंडिक्सपोटी रुग्णास ५०० टक्के आरोग्य लाभेल, हे उघड आहे. रुग्णाचा वाटाही कीर्दीत रीतसर नमूद आहे: २० टक्के. तो त्याने भरावयाचा असतो.