नाना पुन्हा गाडीवर

"ऐकलं का गं, नाना पुन्हा गाडीवर चाललेत म्हणे!"

जिजींनी ही बातमी कुंपणावरून माझ्याकडे टाकली, तेव्हा नानांच्या बायको शोभाताई तिथंच, दोन हातांवर, कढीलिंबाची डहाळी मोडत उभ्या होत्या. पण जिजींचं असंच. ज्याच्याबद्दल बोलायचं ते माणूस समोर आहे म्हणून त्या आवाज कधी उतरवत नाहीत.

"म्हणे कशाला जिजी, चाललेतच. विचारा की मलाच," शोभाताई म्हणाल्या. आणि मग काय, माझी मेथी निवडायची राहिली.

आमच्या निफाड तालुक्यात कुठल्याही आळीत जा, एक तरी घर ट्रकवाल्याचं निघतं. लासलगावचा कांदा, पिंपळगावचा कांदा, हंगामात द्राक्षं, टोमॅटो. माल इथं पिकतो आणि खाणारा लांब बसलेला असतो, तेव्हा मधे ड्रायव्हर आलाच. नानांनी ऐन उमेदीची वर्षं अशीच काढली. टाटाची सोळा-तेरा, मागे कांद्याच्या गोण्या, वर ताडपत्री, शेजारी क्लीनर. वाशीची फेरी म्हणजे त्यांना अंगणात जाऊन आल्यासारखी. कोलकात्याला गेले की दिवाळी आहे की शिमगा, याचा पत्ता नसायचा. पुढे शोभाताईंच्या सासऱ्यांच्यानं पिठाची गिरणी ओढवेना, म्हणून नाना गाडी सोडून घरी आले आणि गिरणीच्या पट्ट्याशी जमवून घेतलं.

"गिरणी तर चांगली चालली होती की," जिजी म्हणाल्या.

"चालली होती. मग जिल्हा परिषदेच्या योजनेत बायकांना गिरण्या मिळाल्या. ज्यांना नाही मिळाल्या त्यांनी हप्त्यानं घरघंटी घेतली. तुमच्या सुनेनं घेतली की नाही?"

जिजी जरा गप्प झाल्या. घेतली होती. निळ्या रंगाची.

"आता गिरणीवर येतं ते लग्नाकार्याचं दळण आणि भाजणी. संध्याकाळी दोन तास उघडली तरी पुरे. बाकी दिवस हे ओट्यावर बसायचे आणि हायवेवरून हॉर्न आला की सांगायचे, ही लेलँड, ही टाटा. मी म्हटलं, ओळखायचीच आहेत तर चालवा. बसल्या जागी जीव जातोय माणसाचा."

म्हणजे पाठवलं यांनीच! गावात मात्र बोभाटा असा, की नानांना पैशांची चणचण आहे, मुलगा पुण्याहून काही पाठवत नाही वगैरे. ही पुडी कुणी सोडली ते मला ठाऊक आहे, पण ते घर पलीकडच्या गल्लीतलं, त्यांचा विषय दुसऱ्या दिवशी.

"लायसनचं काय केलं? संपलं असेल ना कधीच?" मी विचारलं.

"त्याचीच तर गंमत सांगते." शोभाताईंनी डहाळी कुंपणाच्या तारेत खोचली. म्हणजे आता लवकर जायच्या नाहीत. "पूर्वी जड गाडीची नोंद दर 3 वर्षांनी नवी करावी लागायची. यांनी गाडी सोडली तसा कागदही सोडला. आता 2019 च्या दुरुस्तीनंतर ती मुदत 5 वर्षांची झालीय, पण मुदत संपून वर्षाच्या वर गेलं की नुसती फी भरून भागत नाही, परत परीक्षा. डॉक्टरचा दाखला वेगळा. ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट वेगळं. सगळा कसारा घाट पायाखाली घातलेला माणूस, आणि निघाला ड्रायव्हिंग शिकायला!"

"शिकवायला कोण?"

"पोरगं. मिसरूड फुटलेलं. हे घाट उतरत होते तेव्हा ते बालवाडीत असेल. त्यानं पहिल्या दिवशी काय सांगावं? काका, कोपर आत घ्या. यांची सवय जुनी, उजवा कोपर खिडकीवर आणि एका हातानं स्टिअरिंग. दुसरं, पट्टा लावा. तिसरं म्हणजे, डावा आरसा बघा."

हा डाव्या आरशाचा मामला मला नानांनी नंतर गिरणीत समजावून सांगितला, आणि तो मला सगळ्यात आवडला. जुन्या गाडीवर डावी बाजू ड्रायव्हरची नसायचीच. ती क्लीनरची. तो दारातून अर्धा बाहेर लोंबकळत पत्र्यावर थाप मारायचा, "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" त्या थापेवर नाना गाडी इंचभर जागेत लावायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर मागे घ्यायची वेळ आली तेव्हा नानांनी रिव्हर्स टाकला आणि ते थांबून राहिले. पोरगं म्हणालं, काका घ्या ना. नाना थापेची वाट बघत होते. मग मान डावीकडे वळवून आरशात बघायचं, उजवीकडे बघायचं, पुन्हा डावीकडे, हे त्यांनी नव्यानं शिकून घेतलं. गिअर, क्लच, घाटात ज्या गिअरनं चढतो त्याच गिअरनं उतरायचं, डिझेल वाचवायला न्यूट्रल मारायचा नाही, यातलं काहीही विसरलेले नव्हते. मोडायची होती ती क्लीनरच्या भरवशावर राहायची सवय, कारण आता बहुतेक गाड्यांवर क्लीनरच नसतो. त्याचा पगार मालकाला परवडत नाही, आणि परवडला तरी पोरं येत नाहीत. घाटात गाडी बंद पडली तर हँडब्रेक ओढून, खाली उतरून चाकाला दगड आपणच लावायचा.

"आणि डॉक्टरच्या दाखल्यात शुगर निघाली," शोभाताई आवाज चढवून म्हणाल्या, म्हणजे आत नानांना ऐकू जावं. "इतकी वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते, तपासून घ्या, तपासून घ्या. बायकोनं सांगितलेलं नाही ऐकलं, लायसनसाठी मुकाट्यानं बोट पुढे केलं. आता गोळी चालू आहे, चहा बिनसाखरेचा. मला तर वाटतं, गाडी कमावून देईल तेव्हा देईल, आधी तिनं हे एक काम केलं."

आतून खोकल्याचा आवाज आला. नाना ऐकत होते तर.

"पण बाई, त्या नव्या कायद्याचं काय? ते दहा वर्षं तुरुंगाचं?" जिजींचा खरा प्रश्न हा होता. त्यांचा भाचा टँकरवर आहे. जानेवारी 2024 च्या संपात मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि इथं पंपांवर मोटारसायकलींच्या रांगा लागल्या, हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. अपघात करून न कळवता पळून जाईल त्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, असं नव्या न्यायसंहितेत लिहिलं होतं. ड्रायव्हरांचं म्हणणं, थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा.

"ते पोटकलम थांबवलंय. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली, पण तेवढं बाजूला ठेवून," शोभाताई म्हणाल्या. मला नवल वाटलं. या बाईंनी कलमापर्यंत सगळं माहीत करून घेतलंय. "मी आधी तेच विचारलं होतं. नाहीतर पाठवलं नसतं."

मग पहिल्या फेरीची कथा निघाली. मालक ओळखीतलाच. त्याच्या दोन गाड्या, आणि ड्रायव्हर एकच. दुसरा ड्रायव्हर गावाकडे गेला तो आलाच नाही. गाडी बीएस-सिक्स, म्हणजे 2020 नंतरची. नानांनी चावी फिरवली तर समोर दिवेच दिवे. त्यातला एक युरियाचा.

"युरिया?" जिजी दचकल्याच. "पोत्यातला?"

"मीही हेच म्हटलं! पण तो पातळ, डब्यात मिळतो. धुराचं विष कमी करायला म्हणे. त्याची टाकी वेगळी. ती रिकामी झाली की इंजिन दमच धरत नाही, पुढे तर चालूच होत नाही. हे डिझेलचा काटा बघत बसले, युरियाच्या काट्याकडे कोण बघतो? शहापूरच्या अलीकडे दिवा लागला, तेव्हा मालकाला फोन. मालक म्हणतो, नाना, मला इथं मोबाइलवर दिसत होतं, म्हटलं तुम्हाला माहीत असेल."

'मला इथं दिसत होतं' हे वाक्य नानांना फार लागलं. पूर्वी ट्रक फाट्यावरून वळला की तो ड्रायव्हरचा. मालक हातात रस्ताखर्च द्यायचा, त्यातून टोल, जेवण, पंक्चर, कुणाचा चहा, सगळं भागवून चार पैसे उरले तर ते कुणी विचारायचं नाही. आता फेब्रुवारी 2021 पासून फास्टॅग सक्तीचा, तो मालकाच्या खात्यातून कापला जातो. डिझेल कार्डावर. गाडी कुठं उभी आहे, किती वेळ उभी आहे, कुठं जोरात ब्रेक मारला, सगळं मालकाच्या खिशात. मुलुंडच्या जकात नाक्यावरच्या रांगेत रात्र काढायची तो त्रास 2017 ला गेला, हे नाना मान्य करतात. पण त्या रांगेत भेटणारी माणसंही गेली, असं ते म्हणतात. माझं मत विचाराल तर मला यातलं पहिलं पटतं, दुसरं नाही. रांगेत रात्र काढून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. हां, मालकाची नजर मात्र मलाही बोचली असती.

"आणि वाशीला वाराई तशीच आहे का अजून?" मी विचारलं. माझे वडील कांद्याचे, त्यामुळे मला हे शब्द घरचे.

"तशीच! माल उतरवायचे पैसे ड्रायव्हरकडे मागतात. आमच्या गाडीवाल्यांची घोषणा नाही का, ज्याचा माल त्याचा हमाल? घोषणा जुनी झाली, वाराई ताजी आहे. आता हे हुशार झालेत. पैसे दिले की लगेच फोटो काढून मालकाला पाठवतात. त्याला दिसतं ना सगळं, मग हेही दिसू दे!"

यावर आम्ही तिघी मनापासून हसलो.

येताना नाना भिवंडीच्या गोदामातून माल भरून आले. कांद्याला ई-वे बिल लागत नाही, त्या मालाला होतं. दोनशे किलोमीटरला एक दिवस, असं ते बिल चालतं. भिवंडीहून नाशिक म्हणजे काही लांब नाही, पण नानांनी पहिल्यांदाच ऐकलं आणि त्यांना वाटलं, वाटेत जेवायला थांबलो आणि मुदत संपली तर? इगतपुरीपर्यंत पोटात कावळे ओरडत आले. समृद्धी महामार्गानं आले असते तर इगतपुरीचा आठेक किलोमीटरचा बोगदा बघायला मिळाला असता. जून 2025 ला आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा उघडला, तेव्हापासून त्यांना तो बघायचाय. मालक म्हणाला, टोल कोण भरणार, घाटानं या. नव्या ट्रकांच्या केबिनला 2025 पासून एसी सक्तीचा झालाय, तोही या गाडीला नाही. दोन्ही चुकलं.

"पण आठवड्यातून एक-दोनच फेऱ्या करतात म्हणे, म्हणजे काय, नोकरी की हौस?" जिजींनी शेवटी मुद्द्याला हात घातला. "मालक असं अर्धं ठेवून घेतो?"

हा प्रश्न मलाही पडला होता. ट्रकच्या धंद्यात अर्धवेळ अशी चीज नसते. गाडी उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही, म्हणून मालकाला कायम गाडीत झोपणारा माणूस लागतो. ज्याला रात्री घरी यायचंय, ज्याला रविवारी भाच्याच्या साखरपुड्याला जायचंय, तो त्याच्या कामाचा नाही. त्यामुळे या धंद्यात माणूस एक तर पुरता असतो, नाहीतर पुरता नसतो. मधली जागा एकच, बदली ड्रायव्हर. कायमचा आजारी पडला, गावाकडे गेला, भांडला, की बदलीला फोन. पूर्वी बदलीला कुणी किंमत देत नसे. आज मात्र नव्या पोरांना स्टिअरिंग नको झालंय. डिलिव्हरीची मोटारसायकल चालेल, पण रात्री घरी झोपायला मिळालं पाहिजे. आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं काय चुकलं? या टंचाईमुळेच नानांच्या अटी मालकानं गिळल्या. अटी म्हणजे शोभाताईंच्या: वाशी, भिवंडी, फार तर पुणे. सलग दोन रात्री गाडी नाही. गिरणीची संध्याकाळ चुकणार असेल तर आधी कळवायचं. आणि जेवण डब्यातलं, कारण शुगर.

"परवा फोन आला होता," शोभाताई आवाज उतरवून म्हणाल्या. आवाज उतरवला म्हणजे हे खरं गुपित. "आसामची गाडी आहे, कांदा, गुवाहाटी. भाडं चांगलं सांगितलं. हे फोन कानाला लावून नुसते हं, हं करत होते. डोळे चमकले होते हो! मी ओळखते ते डोळे. एकदा गेले की येताना चहा भरतील, मग कोलकात्याला रिकामे होतील, मग तिथून काहीतरी भरतील. महिनाभर पत्ता लागायचा नाही."

"मग?"

"मग काय, फोन घेतला हातातून. म्हटलं, शेठ, हे तुमचे बदली ड्रायव्हर आहेत ना? मग बदलीच राहू द्या. गुवाहाटी पाहिजे तर कायमचा माणूस शोधा."

"आणि नाना?"

"रुसले. एक दिवस. दुसऱ्या दिवशी भिवंडीला गेले, येताना माझ्यासाठी शहापूरहून जांभळं आणली."

जिजींना हे जांभळांचं काही पटलं नसावं. त्यांनी पदर सावरला, कुंपणाच्या तारेजवळ आल्या आणि इतका वेळ पोटात ठेवलेलं विचारलं, "फेरीचे पैसे कुणाच्या हातात देतात गं? तुझ्या की स्वतःच ठेवतात?"

शोभाताईंनी तारेतली डहाळी काढून घेतली. "जिजी, ते तुम्हाला सांगितलं तर संध्याकाळच्या दळणाला येणाऱ्या बायकाच मला सांगतील."