सत्ता गेली, शाळा निघाली

जुनी वास्तू दिसली की मराठी माणूस आधी विचारतो, "इथे लढाई कुठे झाली?" तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला ओरत्तनाड लागतं, तिथल्या मुक्तांबाळ छत्रात ही पंचाईत होते. इथे ना तोफ, ना चोरवाट, ना खिंडार. पडझड आहे, पण ती पावसाने आणि भिंतीत रुजलेल्या झाडांनी सवडीने केलेली. फुशारकी मारायला काही नसल्यामुळे मग नाइलाजाने नीट बघावं लागतं.

रामेश्वरच्या वाटेवरचं हे अन्नछत्र तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी १८०२ साली आपल्या लाडक्या मुक्तांबेच्या नावाने उभं केलं. वास्तूला रथाचा घाट दिलेला. दगडी जनावरं दोनशे वर्षं जोर लावून उभी आहेत आणि रथ एखाद्या सरकारी फाइलीसारखा जागच्या जागी आहे. आत यात्रेकरूंच्या पंगती उठत आणि मुलांची शाळाही भरे. एकीकडे घोकंपट्टी, दुसरीकडे फोडणीचा वास. मास्तरांची खरी स्पर्धा आचाऱ्याशी असणार, आणि तीत मास्तर जिंकल्याचं ऐकिवात नाही.

राजांना मात्र या दोन खात्यांत फरक वाटत नसावा. १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तंजावरच्या छत्रांचं काम सांगितलं आहे: भुकेल्याला जेवण, आजाऱ्याला वैद्य, तान्ह्याला दूध, आणि वाटेत आईबाप गेलेल्या पोरक्या मुलाला शिक्षक. सगळं एकाच यादीत. प्रवेश परीक्षेचा उल्लेख नाही, डोनेशनचा तर नाहीच.

या औदार्याची पार्श्वभूमी मोठी गमतीची आहे. १७९९च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, तनखा आणि महसुलातला पाचवा हिस्सा. इतक्या भांडवलावर दुसरा कोणी शिकारी आणि मेजवान्या करत बसला असता. यांनी शाळा चालवल्या, सरस्वती महालात देशोदेशीचे ग्रंथ जमवले, आणि पुण्यात अजून पेशवाई होती तेव्हा, १८०६ साली, स्वतःच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. 'बालबोध मुक्तावली' हे त्या पुस्तकाचं नाव. आपल्याकडचे शिक्षणसम्राट आधी कॉलेज काढतात आणि त्या पायरीवरून सत्तेत चढतात. सरफोजींनी सत्तेची पायरी उतरल्यावर शाळा काढली. त्यामुळेच बहुधा त्यांना शाळेकडे लक्ष द्यायला वेळ मिळाला.

छत्रातल्या या पडक्या शाळेपुढे हळहळणं हे आपल्यासारख्या सुटलेल्यांना शोभतं. तिच्यात कोंडलेल्या पोरांनी दर पावसाळ्यात हे छप्पर कोसळावं म्हणून देवाला साकडं घातलं असेल. इतक्या नवसांना पुरून अजून एवढं उभं आहे, याहून गवंड्याला वेगळं प्रशस्तिपत्र नको.

पुढे १८५५ साली सरफोजींचा मुलगा शिवाजी राजे वारले. मागे मुलगा नव्हता, म्हणून कंपनीने तंजावर खालसा केलं. कागदोपत्री ते बरोबरच होतं. छत्रात जेवून, अक्षर गिरवून वाटेला लागलेल्या पोरांना वारसांत धरायची सोय कंपनीच्या कायद्यात नव्हती.