उपकरणप्रेमी अनुदान योजनेस अनावृत पत्र

प्रति,
मा. सामुदायिक रेडिओ सहाय्य योजना,
माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: ट्रान्समीटरवरील आपल्या अपार मायेबाबत

महोदया,

आधी आभार मानतो, कारण ते मानायलाच हवेत. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली सांगितलं. ती मालमत्ता स्वयंसेवी संस्थांच्या हाती लागायला २००६ साल उजाडलं, आणि नंतर आपण उपकरणांचा निम्मा खर्च घेऊन अवतरलात. पुढे माया वाढली. निम्म्याचे ७५ टक्के झाले, ईशान्येकडे ९०, कमाल मर्यादा साडेसात लाख. आपलं मन कुठे रमतं, हेही त्यातून कळलं. ट्रान्समीटर, मिक्सर, मायक्रोफोन यांना बिल असतं, अनुक्रमांक असतो, त्यांची डेड स्टॉक रजिस्टरात नोंद होते. मिक्सरसमोर बसून फेडर वर-खाली करणाऱ्या मुलीला मात्र चिकटपट्टी लावून क्रमांक देता येत नाही. त्यामुळे तिचं मानधन, विजेचं बिल आणि दर उन्हाळ्यात मान टाकणारी यूपीएसची बॅटरी हे सगळं आपल्या दृष्टीनं रेडिओ केंद्राचं घरगुती प्रकरण ठरतं.

प्रत्यक्षात केंद्रं टिकतात कशावर? साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी आणि तेलंगणात झहीराबादजवळचा, दलित बायकांनी चालवलेला संघम रेडिओ ही दोन्ही २००८ सालची केंद्रं, म्हणजे आपल्या जन्माआधीची. दोन्हींच्या पाठीशी बायकांचं आधीच उभं राहिलेलं संघटन होतं: एकीकडे बचतगट आणि बँकेचं जाळं, दुसरीकडे गावोगावचे संघम. यंत्राच्या आधी माणसं होती. ज्या संस्थेला असं पाठबळ नाही, तिला यंत्र मिळतं आणि पहिली मोठी दुरुस्ती निघाली की प्रसारण थांबतं. उपयोगिता प्रमाणपत्र तेव्हाही खरंच असतं, कारण खरेदी झालेली असते.

यावर आपलं ठरलेलं उत्तर असं की, केंद्रांनी जाहिराती मिळवाव्यात. २०२४ च्या सुधारित नियमांत जाहिरातींची वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटं झाली आणि १० सेकंदांचा दर ७४ रुपये ठरला. म्हणजे तासाला ७२ जाहिराती आणि ५,३२८ रुपये. हिशेब कागदावर झकास आहे. पण १०० वॅटच्या केंद्राचा आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो. तेवढ्या टापूतला पेंडवाला तासाला ७२ वेळा स्वतःची ओळख कुणाला करून देणार? गिऱ्हाईक त्याला नावानं ओळखतं, उधारीसकट. उरतात सरकारी जाहिराती, आणि त्या केव्हा मिळतील, किती मिळतील, पैसे कधी येतील, हे केंद्राच्या हातात नसतं.

चालू खर्च द्या म्हटलं की येणारा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, म्हणून त्याची चेष्टा करत नाही. सरकारनं चालू खर्च दिला तर केंद्र हे सरकारचा पोपट होईल, असं म्हणतात. भीती रास्त आहे. पण आजच या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावता येतात. तोंडाला कुलूप आधीच आहे, ते चालू खर्चामुळे लागणार नाही. शिवाय मर्जीवर मिळणारी जाहिरात आणि ठरल्या सूत्रानं मिळणारा पैसा यांत जास्त लाचारी कशात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. प्रसारणाच्या तासांवर रक्कम बांधली, तर कार्यक्रमात काय बोललं गेलं हे कुणी विचारायचं कारणच उरत नाही. खोटे तास दाखवले जातील म्हणाल, तर एफएमचा आवाज लपत नाही. तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही कारकुनानं मोबाइलमध्ये हेडफोन खुपसून ऐकलं, की तपासणी झाली. खोट्या बिलापेक्षा खोटं प्रसारण करणं कितीतरी अवघड.

तेव्हा विनंती एवढीच. साडेसात लाखांतला काही भाग पहिल्याच दिवशी यंत्रात ओतू नका. तो पाच वर्षं दुरुस्ती, वीज आणि मानधनासाठी हप्त्यानं द्या, आणि उपयोगिता प्रमाणपत्रात एक रकाना वाढवा: गेल्या महिन्यात केंद्र किती तास बोललं? रकाना वाढवायला वेगळी तरतूद लागत नाही, असं ऐकून आहे.

आपला,
रजिस्टरात नोंद नसलेला
एक करदाता