डिस्कवैद्य नाना

बी विंगमधल्या नानांना घरी बोलवायचं असेल तर ‘या’ म्हणावं लागत नाही. “नाना, कॉम्प्युटर मधेच अडकतोय हो,” एवढं फोनवर बोलावं आणि दार उघडं ठेवावं. दूरध्वनी खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण खिशाला स्क्रूड्रायव्हर अजून आहे. दुसऱ्या खिशात तपकिरीची जुनी डबी. तिच्यात तपकीर नसते, एम डॉट टू ड्राइव्हचे स्क्रू असतात. हा स्क्रू म्हणजे तांदळाची कणी. लादीवर पडला तर थेट दिवाळीच्या साफसफाईत सापडतो. सोसायटीतले असे सगळे हरवलेले स्क्रू शेवटी नानांच्या डबीत जमा होतात. कुणाचा कुठला, हे विचारायचं नाही.

गेल्या महिन्यात माझं मशीन रुसलं. अर्धा मिनिट सगळं गोठायचं, मग निळा पडदा, त्यावर तो दुर्मुखलेला चेहरा आणि खाली ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’. नानांनी चप्पल काढता काढताच विचारलं, “बॅकअप आहे?”

“आहे ना. मागच्या गणपतीतला.”

“म्हणजे नाही.” आणि त्यांनी सुतकी चेहऱ्यानं माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनं घाबरून चहा टाकला.

नानांना दुरुस्तीची घाई नसते. आधी दुखण्याचं कौतुक व्हावं लागतं. “जुनी हार्ड डिस्क कशी जायची? आधी खटखट, मग कण्हणं, चार दिवस सगळ्यांना जमवायची आणि मग रीतसर डोळे मिटायची. या एसएसडीत फिरणारं काही नाहीच, आवाज कशाचा येणार? रात्री बरी होती म्हणावं, तर सकाळी बायोसमध्ये नाव नाही! आणि पुसलेली फाइल परत मिळेल या आशेवर राहू नकोस. ट्रिम नावाची भानगड असते. तू डिलीट म्हटलंस की विंडोज ड्राइव्हला वर्दी देते, ती सवडीनं जागा धुऊन मोकळी!”

दुसऱ्या चहाला कहाणी आली. “सर्व्हरच्या धंद्यातल्या एका बड्या कंपनीनं २०१९ मध्ये कळवलं, आमच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. फर्मवेअरमधली चूक. तीन वर्षं, दोनशे सत्तर दिवस, आठ तास! चित्रगुप्ताची वहीसुद्धा इतकी चोख नसेल.” हे सांगताना नानांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती नातवाच्या बारशालाही मी पाहिली नव्हती.

मग तपासणी. ड्राइव्हची तब्येत ९७ टक्के निघाली. मला हायसं वाटलं.

“छत्तीस गुण जुळलेलीही कोर्टात जातात,” नाना म्हणाले आणि त्यांनी रॅम उपसली. मुलीच्या कंपासपेटीतलं खोडरबर मागवून तिचे सोनेरी दात घासले. रॅमची चाचणी दोन तास चालली. तेवढ्यात पोहे झाले. रॅम निर्दोष सुटली. एसएमपीएसवर संशय घेऊन झाला, तोही सुटला. संध्याकाळी दिवेलागणीला नानांनी पुन्हा तो तब्येतीचा तक्ता उघडला, खाली सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “हा बघ चोर. सीआरसीच्या चुका. ड्राइव्ह ठणठणीत आहे, मदरबोर्डपर्यंतच्या वाटेत माल सांडतोय. केबल बदल.”

“नाना, ही ओळ सकाळीही होती की.”

“होती. पण सकाळीच बघितली असती तर तुझी रॅम चांगली आहे, हे तुला कसं कळलं असतं?”

यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही.

त्यांनी पिशवीतून नवी केबल काढून लावली. जुनी लाल. दसऱ्याला मी कॅबिनेट उघडून धूळ झाडत होतो, तेव्हा आईनं यंत्र म्हणून तिच्यावर हळदीचं बोट ओढलं होतं, ते अजून पिवळंधमक. मी ती कचऱ्यात टाकायला निघालो तर नानांनी हातातून घेतली, नीट वेटोळं करून पिशवीत ठेवली. “टाकायची कशाला? कुणाच्या तरी उपयोगी पडेल.” जाताना बजावलं, “तो चुकांचा आकडा आता कमी होणार नाही. वाढत नाही ना, तेवढं बघ.”

नाही वाढला. महिना झाला, मशीन सुतासारखं सरळ आहे. माणूस खरंच जाणकार, यात वाद नाही.

काल तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेलो होतो. नानांनी त्यांना आठवड्यापूर्वीच नवी एसएसडी बसवून दिली होती. तरी अर्धा मिनिट गोठणं आणि निळा पडदा. नाना मांडी घालून बसलेले, पुढ्यात चहा.

“साथ आलीय,” मला बघून ते म्हणाले.

मी उघड्या कॅबिनेटमध्ये डोकावलो. लाल केबलवर आईचं हळदीचं बोट होतं.

नाना वहिनींकडे खोडरबर मागत होते.